आप्पाच्या आवाजाचा परवाना

माझा थोरला भाऊ आप्पा भजनाला बसला की पार मिरजोळ्याहून माणसं यायची. पेटीवर मी. दोन हजार तीन साली त्याच्या आठ अभंगांची एकच सीडी काढली आणि तिच्यावर मी नाग होऊन बसलो.

मिरजोळ्याच्या मंडळाचे आत्मारामबुवा ती मागायला आले. "हरीभाऊ, येक कॉपी द्या वो. आमची पोरां शिकतील."

आप्पा म्हणाला, "दे रे. अभंग काय आपल्या बापाचे आहेत?"

पण चाली आमच्या होत्या! त्या गावभर का वाटायच्या?

कॉम्प्युटरवाला सलिल ती गाणी माझ्या कॉम्प्युटरवर घेत होता, तेव्हा मी विचारलं, "चोरी होणार नाही असं काही करता येतं?"

"येतं की, काका. इथे टिक केली की या मशीनशिवाय कुठेच वाजणार नाहीत."

"कर."

त्याच फायली दुसऱ्या सीडीवर भरून मी हसतमुखाने आत्मारामबुवांना दिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "हरीभाऊ, नुसतं टुंग वाजतंय. परवाना मागतंय."

मी पोट धरून हसलो. मूळ सीडीचं आता काय काम? ती पोपट बुजवायला पेरूच्या झाडाला टांगली.

श्रावणात आप्पा गेला. सहा महिन्यांनी व्हायरसने कॉम्प्युटर बसला. सलिलने सगळं पुसून नव्याने भरलं, आप्पाच्या फायली मात्र जपल्या. आठही नावासकट होत्या. दाबलं. टुंग.

"अरे, मालक मीच आहे!" मी ओरडलो.

"काका, परवाना जुन्या विंडोजबरोबर पुसला गेला. आता मशीनच्या लेखी तुम्ही आणि आत्मारामबुवा सारखेच."

झाडावरच्या सीडीचे उन्हापावसाने पापुद्रे सुटले होते. चाली माझ्या बोटांत आहेत, पण आवाज कुठून आणू? भाऊ समोर कोंडलेला आणि कडी मीच घातलेली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी आत्मारामबुवांचा फोन आला. "ती गाणी मी पुसली नायत, हरीभाऊ. आप्पांचं नाव तरी दिसतं. तुमच्याकडं वाजतात ना? आज येक ऐकवा. रिसीव्हर जरा स्पीकरजवळ धरा."

खरं सांगायला मला तोंड नव्हतं. रिसीव्हर धरला. दाबलं. टुंग.

पलीकडून ते हळूच म्हणाले, "हरीभाऊ, ह्यो आवाज माझ्याकडं पण येतो."