धुराचा तुडूम

आंधळगावात अनुपची जुनी एस्टीम दिसायच्या आधी ऐकू यायची. गडी वेल्डिंगचं दुकान चालवायचा, ग्रिल आणि फाटकं करायचा, आणि उरलासुरला सगळा जीव त्या गाडीत. कंपनीचा सायलेन्सर कापून त्याने सरळ नळकांडं जोडलं होतं. त्यामुळे इंजिनाला मोकळा श्वास मिळाला आणि गावाची झोप उडाली. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं, पण कान शेजाऱ्यांचे असतात हे हौशी माणसाला कोण सांगणार?

त्याची बायको प्रतिक्षा मोहाडीला नर्स होती. पोट दिसायला लागलं, पुढे आलं, तरी तो तिला रोज त्याच गाडीतून दवाखान्यात सोडायचा. ती कुरकुरायची आणि अर्ध्या रस्त्यात डुलक्या घ्यायची. मग ती बाळंतपणाला माहेरी एकोडीला गेली. मुलगी झाली. अनुपने त्याच दिवशी मनाशी ठरवलं, लेक पहिल्यांदा घरी येईल ती बापाच्या गाडीतून. मागच्या सीटला नवी मऊ गादीसुद्धा शिवून घेतली.

पण सासूबाई, विमलाबाई, फोनवर म्हणाल्या, "जवाईबापू, नात तुमचीच आहे, खुशाल नेजा. पण त्या भोंग्यात मी तिले बसू देणार नाही. बसनं येजा."

अनुपला ते फार लागलं. त्याने जुना सायलेन्सर पुन्हा जोडून पाहिला. आवाज गेला, पण गाडी दमेकऱ्यासारखी चालायला लागली. हेही सोडवेना, तेही सोडवेना. शेवटी त्याला वाट सुचली ती बापाच्या कामावरून. त्याचा बाप चिंधू गावचा पाटकरी होता, म्हणजे तलावाचं पाणी पाळीपाळीने धानाला सोडणारा. तलावाच्या बांधातून पाणी बाहेर काढायची जी वाट असते तो तुडूम. त्याच्या तोंडात लाकडाची मेख. पाणी पाहिजे तेव्हा मेख उचलायची, नको तेव्हा ठोकायची.

मोबाईलवर असल्या गाड्यांचे व्हिडिओ त्याने पाहिलेच होते. सायलेन्सरच्या अलीकडे त्याने नळीला फाटा काढला. एक वाट सायलेन्सरमधून, दुसरी सरळ बाहेर. सरळ वाटेत एक झडप, आणि झडपेची तार ड्रायव्हरच्या हाताशी एका दट्ट्याला. दट्टा ओढला की आवाजही मोकळा आणि ताकदही, दाबला की गाडी गरीब गाय.

"बाबा, हा धुराचा तुडूम," तो म्हणाला.

"पाणी सांगितलेलं ऐकते गा," चिंधू म्हणाला. "धूर ऐकन का?"

धुराने ऐकलं असतं, पण अनुप चुकला. झडप त्याने शेतातल्या मोटारपंपाच्या पाइपची काढून बसवली. रबराची रिंग असलेली, थेंबभरही न गळणारी. धानाच्या मुलखात थेंब वाचवण्यातच जन्म जातो, तिथे माणसाला दुसरी झडप आठवणार तरी कोणती? धूर पाण्यासारखा थंड नसतो, एवढंच तो विसरला.

नामकरणाच्या दिवशी तो हमरस्त्याने दट्टा ओढून मजेत निघाला. एकोडीच्या वेशीवर त्याने दट्टा दाबला. काहीच झालं नाही. रबर वितळून झडप उघडीच चिकटली होती. मंडपात पांढऱ्या कपड्यांतली मंडळी वंदनेला बसलेली, सकाळपासून किरकिरणारी पोर आजीच्या मांडीवर, आणि एस्टीम दारात येऊन डरकाळ्या फोडायला लागली. वंदना थांबली. पोरही एकदम गप्प झाली, डोळे मोठे करून पाहायला लागली.

"भेदरली माही नात!" विमलाबाई ओरडल्या. "आवाज बसला पोरीचा!"

अनुपने घाईने गाडी बंद केली. लगेच पोरीने पुन्हा टाहो फोडला.

"पाहा, आता भेव निघून राहिलं," विमलाबाई म्हणाल्या. पोरीचं नाव आम्रपाली ठेवलं. जळक्या रबराचा वास येणाऱ्या हातांनी बाप खाली मान घालून जेवला. एवढी लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

घरी येऊन त्याने लोखंडाची चकती कापली. नळीत अगदी घट्ट बसवली. इंजिन तापलं आणि चकती अडकून बसली. तो तिच्याकडे पाहत राहिला, तेव्हा त्याला लहानपणी पाहिलेली बापाची मेख आठवली. लाकूड पाण्यात फुगतं म्हणून बाप मेख नेहमी भोकापेक्षा बारीक तासायचा. मग लोखंड आगीत फुगणारच की! त्याने चकती कानशीने घासून चोहीकडून फट ठेवली.

"थोडी गळते, बाबा," त्याने सांगितलं.

"गळू दे," चिंधू म्हणाला. "तुडूम थोडा गळतेच. त्यानं तलाव रिता होत नाही."

लेकीला आणायला एस्टीम एकोडीला पोचली, ती दारात उभी राहीपर्यंत कुणाला कळली नाही. विमलाबाईंनी गाडीभोवती फेरी मारली, मागे वाकून कान दिला. दोष सापडेना तेव्हा त्या नातीला घेऊन स्वतःच मागच्या सीटवर बसल्या. "मी बी घरापर्यंत येईन. त्या दट्ट्याले हात लावला तं इथंच उतरून जाईन, नातीसकट."

गाडी निघाली आणि आम्रपाली रडायला लागली. साकोली गेली, रडणं चालूच. दूध झालं, खांद्यावर घेऊन झालं, अंगाई झाली. लाखनी आली तरी पोर लालबुंद. अनुपचा जीव थोडा थोडा होत होता. एवढा खटाटोप केला, आणि लेक पहिल्याच प्रवासात बापाच्या गाडीला वैतागली.

शेजारी बसलेली प्रतिक्षा एकाएकी म्हणाली, "ऐका ना, तो दट्टा ओढा."

"पागल झाली का तू?" विमलाबाई कडाडल्या.

"आई, पोटात होती तवा रोज याच आवाजात होती ती. माह्यासंगं झोपत होती. नामकरणाच्या दिवशी भेदरली नव्हती. वळखलं होतं तिनं."

अनुपने आरशातून सासूकडे पाहिलं. हात दट्ट्यावर होता, पण त्याने ओढला नाही. विमलाबाईंनी रडणाऱ्या नातीला छातीशी धरून आणखी एकदा थोपटून पाहिलं.

"ओढा, बापू," त्या हळूच म्हणाल्या.

त्याने दट्टा ओढला. एस्टीम धानाच्या खुल्या बांध्यांमधल्या रस्त्याने गर्जत सुटली. आम्रपालीचं रडणं मध्येच थांबलं. तिने डोळे मोठे केले, मुठी सैल सोडल्या, आणि आजीच्या छातीला गाल लावून झोपून गेली. अनुपला समोरचा रस्ता धूसर दिसायला लागला. त्याने बाहीने डोळे पुसले.

वाटेत गाव आलं की तो दट्टा दाबायचा, गाव सरलं की ओढायचा. पोर हलली नाही. आंधळगावची झाडं दूरवर दिसू लागली, तसा त्याचा हात सवयीने दट्ट्याकडे गेला.

मागून विमलाबाईंचा आवाज आला, "आत्ताच नोका दाबू, बापू. गाव अजून दूर आहे."