कोणत्या वचनाने उठलास

गुरुवारी साडेसातला चर्चच्या मंडळीचे दोन वडील, म्हणजे पंच, घरी यायचे होते आणि पाच वाजल्यापासून मारिनस आत-बाहेर करत होता. बावन्न वर्षांचा माणूस, शाळेत अर्थशास्त्र शिकवणारा, बाजार कोसळतो म्हणजे काय ते पोरांना हसत हसत सांगणारा. तो तिसऱ्यांदा संडासला जाऊन आला.

"फाशी द्यायला येतायत का तुला?" त्याची बायको नेल म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा होती, हातात नव्हती. एकच बशी ती मघापासून पुसत होती.

झालं होतं ते असं. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. मंडळीत माणसं चारशे, आणि भाकरी-द्राक्षारसाच्या टेबलाशी जाणारी अकरा. बाकीचे बाकांवर बसून बघतात. वर्षानुवर्षं, मरेपर्यंत. लहानपणापासून कानात एकच ओतलेलं असतं, की जो अयोग्यपणे खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. देवाने खुद्द बोलावलं तर ऊठ, नाहीतर गप बस. मारिनसही जन्मभर गप बसला होता. त्या रविवारी मात्र तो उठला, नेलच्या गुडघ्यांना घासत बाहेर पडला आणि टेबलाशी जाऊन बसला. बारावा. येशूच्या टेबलाशी शेवटी कोणता बारावा बसला होता, त्याला पकडून देणारा, ते या गावात शेंबडं पोरही सांगेल.

पहिल्यांदा टेबलाशी गेलेल्याच्या घरी त्याच आठवड्यात वडील येतात आणि एकच प्रश्न विचारतात: कोणत्या वचनाने उठलास? बायबलातली एखादी ओळ अंगावर वीज पडावी तशी पडलेली असली पाहिजे. ती सांगायची. ओळ नाही, तर बोलावणंही नाही.

मारिनसकडे ओळ नव्हती, चेलो होता. रविवारी सकाळी, ज्या दिवशी काम आणि करमणूक पाप म्हणून या गावात सायकलसुद्धा भिंतीला टेकून राहते, तो खिडक्या लावून वाजवत बसला होता. गुडघ्यांत धरून गजाने वाजवायच्या त्या मोठ्या व्हायोलिनवर, एकट्यानेच वाजवायची एक जुनी, संथ चाल. खालच्या तारेचा सूर छातीला टेकलेल्या लाकडातून हाडात उतरला आणि पाळकाचा उपदेश चालू असतानाही हाडातच घुमत राहिला. भाकरी मोडली आणि याचे पाय उठले. बस, इतकंच.

तेव्हापासून चार रात्री झोप नव्हती. रागही येत होता. जे दुर्मिळ ते महाग, हे तो वर्गात शिकवायचा. कृपा फुकट आहे असं हे लोक व्यासपीठावरून ओरडून सांगतात आणि साठेबाजासारखे गोदामाला कुलूप लावून बसतात. चारशेंत अकरा! एवढी टंचाई कांद्याच्या कुठल्या व्यापाऱ्याला जमली नसती. असं मनात आलं की तो लगेच दचकून छताकडे बघायचा.

"तू सांगणार काय आहेस त्यांना?" नेलने विचारलं.

"माहीत नाही."

"मला तरी सांग. मला बाकावर एकटीला टाकून गेलास. एकतीस वर्षं शेजारी बसले तुझ्या. तू बोलावलेला, मग मी कोण?"

मारिनसने तिच्या हातातली बशी काढून घेतली. नेलची आई, जन्मभर बाकावरच बसलेली, शेवटचे तीन दिवस 'माझं काय होणार' एवढंच विचारत गेली होती. ते दोघांनीही ऐकलं होतं.

वडील वेळेवर आले. उत्तरेकडचा उन्हाळा, बाहेर समुद्राच्या बांधावर अजून लख्ख ऊन होतं. इझाककाका अठ्ठ्याहत्तरचे, कांदे पिकवणारे. लहानपणी त्यांनीच मारिनसकडून धर्माची प्रश्नोत्तरं पाठ करून घेतली होती. दुसरा यानिस, मारिनसच्याच वयाचा पिठाच्या गिरणीवाला, सगळ्यांचं भलं व्हावं असं वाटणारा आणि त्यामुळे कोणाच्याच कामी न येणारा.

कॉफी आली. इझाककाकांनी कपात बिस्कीट बुडवलं. "अजून शिकवतोस का रे पोरांना तो विमा-बिमा?"

"अभ्यासक्रमात आहे, काका."

"माझी वखार जळाली तेव्हा विमा नव्हता. देवावर भरवसा होता. तुझं शास्त्र म्हणजे भीतीचा धंदा."

'आणि तुमचं?' हे मारिनसच्या जिभेवर आलं. त्याने कॉफीबरोबर गिळलं.

"तर मग," काका म्हणाले, "कोणत्या वचनाने उठलास?"

मारिनस कपात चमचा फिरवत राहिला. यानिसलाच ते सहन झालं नाही. "बेचाळिसावं स्तोत्र असेल, नाही का? हरिणी पाण्यासाठी धापा टाकते ते. पुष्कळांना तेच येतं."

सुटकेचं दार उघडं होतं. नुसती मान हलवायची. मारिनसने नेलकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, टेबलावरच्या बायबलकडे बघत होती. खोटं बोललो तर त्या भाकरीवर आणखी एक दंड. खरं बोललो तर टेबल गेलं.

"वचन नव्हतं," तो म्हणाला. "चेलो होता. सकाळी वाजवला होता."

"रविवारी?"

"रविवारी."

इझाककाका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कप बशीत ठेवला, तो खडखडला. "म्हणजे तुला लाकडाने आणि तारेने उठवलं. देवाने नाही."

"असंच असेल."

"असेल नको. आहे का नाही?"

"आहे," मारिनस म्हणाला. बावन्न वर्षांचा माणूस, धडा पाठ न झालेल्या पोरासारखा.

"मग पुढच्या वेळी बाकावर बस. आणि केलंस त्याबद्दल गुडघे टेकून क्षमा माग." त्यांनी प्रार्थना केली, लांबलचक, आणि दोघे गेले. दारात यानिस कुजबुजला, "अरे गाढवा, हरिणी म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

दार लागलं. नेलने मोठा श्वास सोडला. तिला बरं वाटलं होतं, ते तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. नवरा बाकावर परत आला होता.

आणि तेव्हा मारिनसला खरी भीती वाटली. आतापर्यंतची काहीच नव्हती. तो देवच असेल तर? लाकडातून बोलायला देवाला कोणी मनाई केली आहे? मग दोन साक्षीदारांसमोर, कॉफीच्या कपांसमोर, मी त्याला 'तू नव्हतास' म्हटलं. फुकट मिळालेलं परत केलं, कारण पावती दाखवता येईना.

"नेल, मी चुकीचं बोललो."

"म्हणजे? ते खरं होतं की खोटं?"

"तेच कळत नाही."

तिने पाहुण्यांचे कप बाजूला सारले. मग उठून आतल्या खोलीतून चेलो घेऊन आली, मूल उचलावं तसा दोन्ही हातांनी. "आज गुरुवार आहे. वाजव. मला ऐकू दे ते काय होतं."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते. म्हणून तर बसते इथे."

ती त्याच्या मागे खुर्चीवर बसली. त्याने गज तारेवर ठेवला. तो सूर आला नाही तर रविवारचा सगळा प्रकार नुसता लाकडाचा. आला, तर आत्ता काय नाकारलं ते कळणार. त्याने गज ओढला. खालचा सूर हाडात उतरला, अगदी तसाच.

मागे खुर्ची करकरली. रविवारी तो उठला तशी नेल उठली होती की नुसती सावरून बसली होती, हे वळून बघायची त्याची छाती झाली नाही. तो वाजवत राहिला.