तंबूच्या दोरीवरचा दगड

सकाळी पाहुण्यांना चहा द्यायला गेले, तर त्यांच्या तंबूच्या दोऱ्यांवर आमच्या गावच्या पवित्र मणीभिंतीतले मंत्र कोरलेले दगड! अक्षरं चिखलात पालथी. माझं डोकंच फिरलं.

"कुणी केलं हे?"

पाहुणे गोंधळले. त्यांचा वाटाड्या, म्हणजे माझाच धाकटा भाऊ कर्सांग, पुढे आला. "ताई, हळू बोल ना. वारा सुटला होता, तंबू उडाला असता."

"मग तू बसायचंस दोरीवर! डोळे फुटले होते तुझे?"

"अगं, दगडच तर आहेत..."

मी त्यातला एक उचलला, बाहीने पुसला आणि त्याच्या हातात कोंबला. "वाच!"

त्याला वाचायची गरजच नव्हती. आई गेली त्या हिवाळ्यात, बोटं सोलवटेपर्यंत, तिच्या नावाने तो दगड त्यानेच कोरला होता.