लॅसिटरला नवा कोच हवा होता

आमचं जुनं वैर असलेल्या हार्लो टेक कॉलेजकडून आम्ही एक्केचाळीस गुणांनी हरलो. दुसऱ्या दिवशी, रविवारी चर्च सुटायच्या आतच, आमच्या लॅसिटर स्टेट कॉलेजच्या फुटबॉल कोचला काढून टाकल्याची बातमी गावभर झाली. त्याच्या घरासमोरच्या हिरवळीवर कुणीतरी 'घर विकणे आहे'ची पाटीही रोवून गेलं होतं. सोमवारी ओपलच्या खानावळीतलं आमचं टेबल सकाळी सहालाच भरलं. एरवी सात वाजतात.

टेबलावर आम्ही चौघं. व्हर्लिनने आयुष्यभर गॅसच्या टाक्यांची गाडी चालवली आणि त्याचा आवाजही त्या गाडीसारखाच. रॉइस न्हावी. हॉयट सिस्कने बत्तीस वर्षं कॉलेजच्या स्टेडियममधलं गवत राखलं. मी शाळेत भूमिती शिकवायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात.

रॉइसला जुना कोच लॅरिमोर परत हवा होता. लॅरिमोरने आम्हाला दोनदा विजेतेपद मिळवून दिलं होतं आणि मग एका जानेवारीत, खेळाडूंनाही न सांगता, तो मोठ्या कॉलेजात निघून गेला होता.

"सोडून गेलेल्याला परत घ्यायचं?" व्हर्लिन म्हणाला.

"माझी बायकोही गेली होती," रॉइस म्हणाला. "परत आली. स्वयंपाक अजून तितकाच चांगला करते."

व्हर्लिनचा माणूस टेक्सासचा होता. वय तेहेतीस. कुठल्याशा संघाचं आक्रमण सांभाळायचा.

"त्याची पोरं सामन्याला पन्नास गुण करतात, लेका."

"आणि पंचावन्न खातात. त्याला दाढी तरी येते का? माझ्या दुकानात आला तर खुर्चीवर लहान मुलांची फळी टाकून बसवावं लागेल."

पेपरात तिसरं नावही होतं. ते टेबलावर कुणी काढत नव्हतं, कारण ते हॉयटच्या एकुलत्या एका मुलाचं होतं. क्लेटन सिस्क कॅन्ससमधल्या एका लहान कॉलेजचा कोच होता आणि त्या वर्षी फक्त दोन सामने हरला होता. सव्वीस वर्षांपूर्वी तो आमच्या गावच्या शाळेचा सगळ्यात चांगला खेळाडू होता. लॅसिटर स्टेटने त्याच्यासाठी जागा राखून ठेवली होती आणि तो हार्लो टेकला गेला. चार वर्षांत दोनदा तो त्यांचा शर्ट घालून बापाने राखलेल्या गवतावर खेळायला आला. दोन्ही वेळा हॉयटने मैदानावरच्या पांढऱ्या रेघा आखल्या, डबे आत ठेवले आणि सामना सुरू व्हायच्या आत तो घरी गेला. बापलेकांचं भांडण असं कधी झालं नाही. बोलणं कमी होत गेलं, आणि हॉयटची बायको वारल्यावर उरलंसुरलंही थांबलं.

तीन दिवस आम्ही हे नाव टाळलं. गुरुवारी ते जमलं नाही. कॉलेजला नवी इमारत बांधून देणारा एक कोंबड्यांचा बडा व्यापारी आहे. कोच शोधायला त्याचंच विमान जातं. रॉइसची सून फोनवर त्या विमानाचा माग काढत होती. सकाळी तिने कळवलं की विमान कॅन्ससला गेलंय आणि तीन वाजता परत येतंय.

व्हर्लिनने काटा खाली ठेवला. "हॉयट, आता बोलतोच मी. कोच म्हणून कसा आहे तुझा पोरगा?"

कॉफी ओतता ओतता ओपल थांबली.

"मला माहीत नाही," हॉयट म्हणाला. "मी त्याचा एकही सामना बघितलेला नाही."

"एकही?"

"एकही नाही."

"मग तुझं मत धरायचं नाही."

"नका धरू."

त्याने पावासारख्या मऊ बिस्किटावर काकवी ओतली आणि सावकाश सगळं खाल्लं. मग ताटली बाजूला सारत त्याने विचारलं, "तुम्ही तीन वाजता जाणार आहात का?"

व्हर्लिन काही बोलायच्या आत मी हो म्हटलं.

गावाबाहेरच्या धावपट्टीच्या कुंपणाशी साठेक माणसं जमली होती. एक बाई 'लॅरिमोर, परत या' असा फलक धरून उभी होती. विमानात दुसराच माणूस आहे असं तिला दोघातिघांनी सांगितलं. तिने फलक खाली घेतला नाही. वारा बोचरा होता. हॉयट खिशात हात घालून तारेला लागून उभा राहिला.

विमानातून आधी व्यापारी उतरला, मग क्लेटन, त्याची बायको आणि दोन मुली. क्लेटन सरळ कुंपणाकडे आला आणि एका टोकापासून हात मिळवत निघाला. मागून कुणीतरी ओरडलं, "टेकवाला."

"हो, होतो," क्लेटन म्हणाला आणि पुढचा हात हातात घेतला.

व्हर्लिनशी हात मिळवून झाला आणि तो बापासमोर आला. दोघांची उंची आता सारखीच दिसत होती.

"तुम्ही आलात," क्लेटन म्हणाला.

"व्हर्लिन येत होता. गाडीत जागा होती."

"तब्येत कशी आहे?"

"डोळे जरा अधू झालेत." हॉयट थोडा थांबला. "मैदानात प्लास्टिकचं गवत घातलंय आता."

"ऐकलं मी."

क्लेटनने मुलींना पुढे बोलावलं. "ही नोरा. ही टेस." हॉयटने तारेतून दोन बोटं आत घातली आणि मुलींनी ती एकेक करून धरली. तेवढ्यात व्यापाऱ्याने गाडीचं दार उघडलं आणि सगळे गेले.

परतीला गाडी व्हर्लिनच चालवत होता.

"हात घट्ट आहे त्याचा," तो म्हणाला. "माझं मत बदललंय असं नाही. सांगतोय आपलं."

हॉयट खिडकीबाहेर बघत होता.

रविवारी कॉलेजने लॅरिमोरचं नाव जाहीर केलं. रॉइसने दुकानाच्या काचेवर त्याचा जुना फोटो लावला. वरच्या लोकांना टेकचा माणूस नको होता, असं काही जण म्हणाले. क्लेटननेच नको म्हटलं, असं बाकीचे म्हणाले. हॉयटला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही काही सांगितलं नाही. आठवडाभरात टेबलावरचा वाद पुढे सरकला. आता लॅरिमोरने बचाव शिकवायला कुणाला आणावं, हा प्रश्न होता.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये खानावळीच्या दारात हॉयटने मला थांबवलं.

"मास्तर, शनिवारी मोकळा आहेस का? लांबच्या रस्त्याला मला आता गाडी चालवता येत नाही."

"शनिवारी आपला घरचा सामना आहे."

"माहीत आहे."

कॅन्सस अकरा तासांवर आहे. आम्ही शुक्रवारी पहाटे निघालो. तिथलं स्टेडियम आमच्या गावच्या शाळेच्या मैदानाएवढंच. हॉयटने माझी दुर्बीण घेतली ती शेवटपर्यंत परत दिली नाही. अखेरच्या मिनिटाला क्लेटनचा संघ तीन गुणांनी मागे होता. चौथी, म्हणजे शेवटची संधी होती आणि चेंडू आपल्याकडे ठेवायला दोन यार्ड पुढे जायला हवं होतं. खांबांमधून चेंडू लाथाडला असता तर तीन गुण मिळून बरोबरी झाली असती. जिंकायचंच म्हणून क्लेटनने चेंडू घेऊन धावायला सांगितलं. पोराला वीतभर अलीकडेच पाडलं आणि ते हरले.

सामन्यानंतर क्लेटन आम्हाला शोधत आला. आपण येतोय हे हॉयटने त्याला कळवलं होतं, पण मला सांगितलं नव्हतं. क्लेटनने दोघांनाही घरी जेवायला बोलावलं. मी दमलोय म्हटलं आणि मोटेलवर गेलो. क्लेटनच्या घरी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. सकाळी नोरा आणि टेस आजोबांना मोटेलवर सोडायला क्लेटनच्या गाडीतून आल्या होत्या, एवढं पाहिलं.

त्याच शनिवारी लॅरिमोरचा संघ जिंकला होता. आम्हाला ते वाटेत पेट्रोल भरताना कळलं.



"लाथ मारायला हवी होती," मिसूरी राज्यात शिरल्यावर हॉयट म्हणाला.

तिथून पुढे दोनशे मैल तो त्या एका निर्णयाबद्दल बोलत होता. वारा कुठून होता, लाथ मारणारा पोरगा कसा होता, डावीकडची जमीन कशी ओली होती. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"त्याला सांगितलंस का हे?" मी विचारलं.

"सांगितलं ना. जेवताना."

"मग?"

"म्हणाला, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा हेच करीन." हॉयटने टोपी काढून मांडीवर ठेवली. "चुकीचंच आहे ते. त्यांचा पुढचा घरचा सामना कधी आहे?"

मी म्हटलं, पंधरा दिवसांनी.

"टायर बघून घे तुझे," तो म्हणाला.