भेगेवरची काच

मित्रांनो, मी एक जुनी काचेची पट्टी आहे. बोटभर रुंद, वीतभर लांब. आता माझे दोन तुकडे आहेत आणि मी छत्रपती संभाजीनगरच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटात असते.

त्याआधी चार वर्षे मी समुद्रात होते. कोकणातल्या एका जलदुर्गाच्या बुरजाला भेग पडली होती. इंजिनिअरांनी मला भेगेवर आडवे धरून दोन्ही टोके प्लास्टरने पक्की केली, वर तारीख लिहिली. भिंत हलली तर मी तुटायचे. थोडक्यात, संशय घेणे हेच माझे काम. पायथ्याशी आदळणाऱ्या लाटांवर मी तो घेतला, काळ्या दगडांमधल्या खारावलेल्या चुन्यावर घेतला. शेजारच्या जंगीतून, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेल्या तिरक्या भोकातून, समुद्राचा हिरवा तुकडा दिसे. तो शांत असला की मला जास्तच शंका येई.

पहारेकरी अप्पाराव मूळचे सोयगावचे, म्हणजे याच शाळेच्या जिल्ह्यातले. आधी ते मला रोज पाहत, मग पाहीनासे झाले.

एका जानेवारीत या शाळेची सहल आली. चाळीस मुले बुरजावर चढली. नववीतली श्रेया तारीख वाचायला वाकली, तिने बोट टेकवले, आणि मी कट्कन तुटले.

"गावाकडची पोरं म्हणून वर सोडलं," अप्पाराव म्हणाले, "अन् हिनं फोडून ठिवली."

"मी फक्त बोट टेकवलं होतं, मॅडम."

परीक्षानळ्याही हिनेच फोडल्या होत्या, असे मागून कोणीतरी पुटपुटले. खरे सांगते, मलाही तिचाच संशय आला.

विज्ञानाच्या विशाखा मॅडम पुढे झाल्या. त्यांनी खिशातले प्रवेशाचे तिकीट माझ्या दोन तुकड्यांमधल्या फटीत घातले. ते अलगद आत गेले.

"बोटानं तुटली असती तर तुकडे जागेवरच राहिले असते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे लांब गेलेत. अप्पाराव, भिंत सरकलीय. मुलांनो, एकेकानं खाली उतरा. पळू नका."

बुरूज त्याच दिवशी बंद झाला, आणि इंजिनिअरांनी काढलेले माझे तुकडे मॅडमनी शाळेसाठी मागून घेतले. पावसाळ्यात त्याचा कठडा समुद्रात कोसळला. खाली कोणी नव्हते.

श्रेया कधीकधी मला बाहेर काढून माझे तुकडे जुळवून पाहते. ते अजून नीट जुळतात.

मित्रांनो, किल्ल्यावर भेगेवर बसवलेली काच दिसली तर तिला हात लावू नका. आणि ती तुटलेली दिसली, तर कोणी तोडली ते नंतर विचारा. आधी खाली उतरा.