धुऊन दिलेली गाडी

जिसीसच्या पिकअपमध्ये पिवळा दिवा लागला तो जूनमध्ये. त्याने त्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. दिवा दिसेनासा झाला आणि पंधरा दिवस गाडीही बरी झाल्यासारखी वागली.

आजार साधा होता. डिझेलच्या धुरातली काजळी अडवायला गाडीच्या पोटाखाली जाळीचा एक डबा असतो. गाडी लांब पळाली की तो तापतो आणि आतली काजळी आपसूक जळून जाते. जिसीसची गाडी लांब पळायचीच नाही. घरापासून बदामाच्या बागेपर्यंत तीन किलोमीटर, बागेपासून कॉफीच्या दुकानापर्यंत दोन, तेही रमतगमत, कारण वाटेत प्रत्येकाला हात दाखवायचा असतो. काजळी बिचारी जाणार कुठे.

गावात गॅरेज एकच, लाम्ब्रोसचं. आणि लाम्ब्रोस जिसीसचा कुंबारो, म्हणजे धर्माने जोडलेला भाऊ. जिसीसच्या मुलीला, स्मारोला, बाप्तिस्म्याच्या पाण्यातून त्यानेच उचललं होतं. सप्टेंबरात तिच्या लग्नात वधूवरांच्या डोक्यांवरचे मुकुट बदलायचे होते तेही त्यानेच. सख्खा भाऊ भावाला कोर्टात खेचतो, त्यात गावाला काही वावगं वाटत नाही. पण कुंबारोला सोडून दुसऱ्याकडे गाडीचं तेल बदललं, तर माणसाला चर्चमध्ये मागच्या रांगेत उभं राहावं लागतं.

"कापून टाकतो," लाम्ब्रोस गाडीखालून म्हणाला. "आतली जाळी पहारीने ठोकून काढतो, डबा परत वेल्ड करतो. बाहेरून कोणाच्या बापालाही कळणार नाही."

"तपासणीत कळतं आता. धुराड्यात यंत्र घालतात."

"मग माझ्याकडे कशाला आलास? त्या यंत्राकडे जा."

"तसं नाही, कुंबारे."

"दोनदा उघडून पाण्याने धुऊन दिलाय डबा. तिसऱ्यांदा नाही. मी काय धोबीण आहे?"

"विचार करतो," जिसीस म्हणाला. आमच्याकडे याचा अर्थ नाही असा होतो, हे लाम्ब्रोसला ठाऊक होतं. तो गाडीखालून बाहेर आलाच नाही.

ऑगस्टमध्ये गाडी चढावर चाळीसच्या पुढे जाईना. बदाम उतरवायचे होते, आणि लग्नाचं सामान मुलीच्या नव्या घरी पोचवायचं होतं. एका सकाळी जिसीस बायकोला म्हणाला, "कोणी विचारलं तर सांग, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेत."

"कोणी म्हणजे लाम्ब्रोस ना?" आसिमीना म्हणाली. "लग्नाला तीन आठवडे राहिलेत. त्याला कळलं तर मुकुट काय तुझा डॉक्टर बदलणार?"

वोलोस शहरातल्या, कंपनीच्या सर्विस सेंटरमध्ये जिसीसला थंड पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि 'साहेब' म्हटलं. तो घाबरलाच. गाडी परत देताना तिथली बाई म्हणाली, "डबा बराचसा साफ झालाय. उरलेली काजळी वाटेत जळेल. मोठ्या रस्त्याने पाऊण तास न थांबता चालवा. तेवढा वेळ खालचा भाग चुलीसारखा तापलेला असेल. मध्येच थांबवू नका. आणि वाळलेल्या गवतावर तर उभीच करू नका."

"नाही, नाही," जिसीस म्हणाला.

चढावर गाडी वाऱ्यासारखी निघाली. अर्ध्या तासात गावाचा फाटा आला, आणि तेव्हा कुठे जिसीसचं लक्ष गेलं. त्यांनी गाडी धुतली होती. न विचारता, फुकट. स्मारो शाळेत होती तेव्हापासून ही गाडी पांढरी आहे हे कोणालाच आठवत नव्हतं. आता ती बर्फासारखी चमकत होती. काचेच्या कोपऱ्यात सर्विस सेंटरचा गोल स्टिकर. गावाच्या तोंडाशीच लाम्ब्रोसचं गॅरेज, आणि गॅरेजसमोर खुर्ची टाकून बसलेला लाम्ब्रोस. डोळ्यांचे डॉक्टर गाड्या धूत नाहीत.

जिसीसने फाट्याआधीच गाडी मातीच्या वाटेला घातली, ऑलिव्हच्या उताराखाली, आणि आडोशाला उभी केली. गवत गुडघाभर होतं, जूनपासून पाऊस न पाहिलेलं. त्याने स्टिकर नखाने सोलून खिशात घातला. मग मूठभर माती घेतली, पण कोरडी माती चमकत्या दारावर ठरेना. म्हणून बाटलीतलं सगळं पाणी मातीत ओतून त्याने चिखल केला आणि बोनेटपासून सुरुवात केली.

जळल्याचा वास आला तेव्हा त्याला नवल वाटलं नाही. जळेल म्हणून सांगितलंच होतं. दुसऱ्या दारापर्यंत पोचला तेव्हा गाडीखालून धूर आला, आणि मग धुराला ज्वाळेचा रंग आला. जिसीसने बाटली उचलली. रिकामी होती.

उतारावरचं ऑलिव्ह लाम्ब्रोसचं होतं. त्याच्या बापाने लावलेली एकशे चाळीस झाडं, आणि वरच्या अंगाला त्याच्या बायकोच्या अकरा शेळ्यांचा गोठा. वारा समुद्राकडून वर वाहत होता. लाम्ब्रोसच पहिला धावून आला, ट्रॅक्टरवर फवारणीची टाकी घेऊन. गोठ्याचं दार उघडताना त्याचे दोन्ही हात भाजले. दार उघडलं, पण तोवर आतून आवाज यायचे थांबले होते.

संध्याकाळी राखेत गाडीचा सांगाडा उभा होता. अग्निशमनचा अधिकारी वही घेऊन आला. निष्काळजीपणाची आग म्हणजे रात्र कोठडीतच.

"या गाडीचं काम कोण करत होतं?"

"मी," लाम्ब्रोस म्हणाला. "तो डबा मी दोनदा उघडलाय. नीट बसला नसणार. माझ्याच हातचं आहे हे." आणि त्याने चिंध्या बांधलेले हात पुढे केले.

जिसीस गप्प राहिला असता तर लाम्ब्रोस खुशीने आत गेला असता. कुंबारोसाठी माणूस कोठडीत जातो. त्याने नातं वाढतं. पण जिसीसने खिशातून स्टिकर काढून अधिकाऱ्याला दिला.

लाम्ब्रोसने तो वाचला.

"वोलोसला गेला होतास."

"हो."

"आणि डोळे?"

"डोळे बरे आहेत."

लाम्ब्रोसने वर गोठ्याकडे पाहिलं. "इथे का थांबलास?"

"गाडी धुतली होती त्यांनी. तू पाहशील म्हणून."

"धुऊनही दिली?"

"हो."

"मी डबा धुतला," लाम्ब्रोस म्हणाला. "गाडी धुवायचं मला कधी सुचलं नाही."

लग्नाला तो आला. बांधलेल्या हातांनी त्याने मुकुट तीनदा बदलले, स्मारोच्या कपाळाचं चुंबन घेतलं, आणि जिसीसच्या शेजारून खांबाला वळसा घालावा तसा बाहेर गेला. जेवणाला त्याची खुर्ची मोकळी राहिली. ताटात मटण मात्र वाढलं होतं.

जिसीसला शिक्षा झाली, ती कोर्टाने स्थगित ठेवली. आता त्याच्याकडे मेव्हण्याची जुनी पिकअप आहे, डबा नसलेली, भरपूर धूर सोडणारी. गेल्या आठवड्यात ती नेमकी लाम्ब्रोसच्या दारात बंद पडली. लाम्ब्रोस खुर्चीवर बसला होता. तो उठला, खुर्ची आत नेली आणि शटर ओढलं.

जिसीसने गाडी ढकलत घरी नेली. वाटेत कोणी हात दाखवला नाही.