सीमाबाईंची जिद्द

सीमा ब्याण्णव किलोची होती तेव्हा वलगावच्या शाळेतली पोरं तिच्या चालण्याची नक्कल करायची, आणि ती खुर्चीवर बसायला आली की स्टाफरूममधले मास्तर खुर्चीचे पाय तपासल्याचं नाटक करायचे. ती हसायची. लठ्ठ बाईनं हसायचंच असतं, नाहीतर लोक म्हणतात हिला गंमत कळत नाही. गुडघे ठणकायचे, साखर वाढत चालली होती, आणि डाएट चारदा धरून चारदा सुटलं होतं. शेवटी अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी वजन उतरवायचं इंजेक्शन लिहून दिलं. आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं पेन. वर्षभरात बावीस किलो उतरले.

खरं तर ही आनंदानं चार लोकांना सांगायची गोष्ट. पण आदल्याच वर्षी शाळेतून बदलून गेलेल्या एका बाईंनी असंच इंजेक्शन घेतल्याचं कळलं होतं, आणि स्टाफरूमला महिनाभर चघळायला विषय मिळाला होता. "तोंडाले कुलूप लावता येत नाई, आन् सुया टोचून घेते," असं कुणी म्हणालं की सगळे खो-खो हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं सीमा हसायची. आता ती स्वतःचं कोणत्या तोंडानं सांगणार? आपल्याकडे लोकांना बारीक बाई हवी असते, पण ती उपाशी राहून, घाम गाळून, रडतकढत बारीक झालेली हवी. बीपीची गोळी घेतली तर बिचारी, आणि वजनाचं इंजेक्शन घेतलं तर चोर. तिच्या नवऱ्यानं, गजेंद्रनं, पेनचा खोका फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे सरकवला आणि बजावलं, "मायले कळू देऊ नको. आन् बाहेर तर अजिबात नाई."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शाळेनं गावातल्या बाया बोलावल्या आणि सीमाचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि 'जिद्दीचं उदाहरण' म्हणून मुख्याध्यापकांचं भाषण. मग माईक तिच्या हातात आला. समोर दीडशे बाया बसलेल्या. 'सगळी डॉक्टरांची कृपा' एवढं म्हणून तिला खाली बसता आलं असतं. पण आयुष्यात पहिल्यांदा लोक तिच्या अंगाकडे कौतुकानं बघत होते, आणि तो मोह तिला आवरला नाही. ती म्हणाली, पहाटे उठून तासभर फिरते, संध्याकाळी सहानंतर पाण्याशिवाय काही घेत नाही, सकाळी मेथीचं पाणी. "मन खंबीर पाहिजे," ती म्हणाली, "बाकी सगळी आळसाची कारणं आहेत." टाळ्या पडल्या. गजेंद्रनंच व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

तो अकोल्याला पोचला. तिथे सीमाची मोठी नणंद, चंदाताई, राहायच्या. त्यांची प्रणाली तेवीस वर्षांची, हुशार, कृषी विद्यापीठात शिकणारी आणि अंगानं भरलेली. तिला बघून दोन पाहुणे परत गेले होते. दोन्ही वेळा निरोप एकच आला होता, पोरगी चांगली आहे, पण. त्या 'पण'च्या पुढचं चंदाताई रोज ताटावर बसल्या की पुरं करायच्या. आता त्यांच्या हातात मामीचा व्हिडिओ आला. त्यांनी पोरीला तो इतक्या वेळा दाखवला की पोरीला पाठ झाला.

प्रणालीचे फोन येऊ लागले. "मामी, मेथीचं पाणी सुरू केलं. दोनच किलो उतरलं." मग, "मामी, संध्याकाळचं बंदच केलं मी, तरी काटा हालून नाई राहिला. तुमाले पहिल्या महिन्यात किती उतरलं होतं?" सीमा दर वेळी ठरवायची की आज सांगून टाकू, आणि दर वेळी म्हणायची, "धीर धर वं. आळस करू नको, बस." फोन ठेवल्यावर तिला स्वतःची किळस यायची. मग ती भांडी घासायला घ्यायची.

एप्रिलमध्ये गजेंद्रच्या मोबाईलवर निरोप आला. प्रणाली विद्यापीठाच्या रस्त्यावर चक्कर येऊन पडली होती, कपाळाला चार टाके पडले होते आणि सलाईन लावलं होतं. तीन महिने पोरगी दिवसाला एका पोळीवर जगत होती आणि घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. सीमानं रजा टाकली, बडनेऱ्याहून गाडी धरली आणि दुपारी अकोल्याच्या दवाखान्यात पोचली.

प्रणालीचा चेहरा हळदीसारखा पिवळा झाला होता. चंदाताई उशाशी बसून डबा सोडत होत्या, आणि सीमाला बघताच त्यांचं तोंड सुरू झालं. "पाह्य बाप्पा सीमा, तुया भाचीचे धंदे. तू येवढं उतरवलं, पण पडली का कधी? हिच्यात जिद्दच नाई. सांग तिले चार गोष्टी. मामीच्या पायाचं पाणी प्याले पाह्यजे हिनं."

सीमा पलंगाच्या कडेला बसली. गाडीत तिनं बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"मी काही उतरवलं नाई, ताई," ती म्हणाली. "मी इंजेक्शन घेतो. दीड वर्ष झालं. डॉक्टरनं लिहून देलं. मेथीचं पाणी मी एक दिवस पेलं, मले उलटी झाली."

"मंग मले आळशी काहून म्हणे तुमी?" प्रणालीनं विचारलं. तिचा आवाज चढला नाही. तिला चढवता येत नव्हता.

सीमाला रडू आलं. या पोरीसमोर रडायचाही आपल्याला हक्क नाही, हे कळूनही ते थांबेना.

चंदाताईंना मात्र कंठ फुटला. "म्हणजे फुकटची बारीक झाली तू? आन् शाल घेतली, नारळ घेतला. लाज नाई वाटली? मी साऱ्या गल्लीले तुया व्हिडिओ दाखवला." मनाजोगतं बोलून झाल्यावर त्या उठल्या, खोलीचं दार लोटलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "ते इंजेक्शन हिले चालन का?"

"ते डॉक्टर सांगतील. आधी हिले नीट जेवू द्या. मंग मी सोबत येतो, दाखवू."

"येजो. पण कोणाले बोलू नको. दिवाळीपर्यंत हिचं जमलं पाह्यजे."

"चोरून नाई, ताई," सीमा म्हणाली. "मी चोरून घेतलं, त्याचं काय झालं ते पाहून राहिल्या ना तुमी? घ्याचं असन तर सांगून घ्याचं. पाहुण्यांनी इचारलं तर त्यायलेही."

"सुया टोचून घेणारी पोरगी कोण करते वं?" चंदाताई म्हणाल्या. "त्यापेक्षा राहू दे." आणि त्यांनी प्रणालीच्या ताटातल्या दोन पोळ्यांपैकी दीड उचलून डब्यात परत ठेवली. डॉक्टरांनी पोटभर जेवायला सांगितलं होतं, ते सकाळीच.

सीमानं मोबाईल काढला. ज्या ग्रुपवर व्हिडिओ फिरला होता त्याच ग्रुपवर तिनं लिहिलं की माझं वजन इंजेक्शननं उतरलं, सत्कारात मी खोटं बोलले, आणि माझ्या खोट्यापायी प्रणाली दवाखान्यात पडली आहे. त्या ग्रुपवर सासू होती, दीर होते, तिच्याच शाळेत शिकवणारी चुलतजाऊ होती. सोमवारी स्टाफरूममध्ये काय होईल हे तिला दिसत होतं. तिनं पाठवून दिलं.

अर्ध्या मिनिटात गजेंद्रचा निरोप आला. "डिलीट कर. मायनं अजून पाह्यलं नाई."

तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला, डबा पुढे ओढला, दीड पोळी काढून पुन्हा ताटात ठेवली आणि वर भाजी वाढली. चंदाताई तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"खा," सीमा म्हणाली. "पोटभर खा, बेटा. तुयं काही चुकलं नाई."

प्रणालीनं ताटाकडे पाहिलं, मग आईच्या पाठीकडे पाहिलं. मग तिनं आपल्या हातानं दीड पोळी उचलून डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

"अर्धीच पुरे मले, मामी," ती म्हणाली. "आता भूकच नाई लागत."